उजव्या खांद्यावरचे मासे

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा मोबाईलवर लिहायला घेतलं, दोनदा पुसलं. मला लिहिणं कुणी शिकवलेलं नाही, डिझाईन पण कुणी शिकवलेलं नाही, दोन्ही आपलं आपणच, बघत बघत, चुकत चुकत. पण थोड्या दिवसांत एका बाईला मला एक गोष्ट तोंडानं सांगायची आहे, आणि ती तोंडात येतच नाही. खोलीत एकटाच उभा राहून बोलून बघितलं. दुसऱ्या वाक्याला जीभ जड होते. म्हणून म्हटलं बोटांना तरी जमतंय का बघू. कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली की थोडं टाईप करतो, रिक्षाची वाट बघताना थोडं. मधेच तुटलं तर तुटलं.

सोलापुरात एका हॉलमध्ये दुपारचा कार्यक्रम होता. एका शेतकरी मंडळानं दोन शास्त्रज्ञांचा सत्कार ठेवला होता. एक डॉ. ऋतुजा काळेल, माशांच्या तब्येतीवर काम करणाऱ्या. मासा आजारी कशानं पडतो, मरतो कशानं, वाचतो कशानं, हे त्यांचं आयुष्य. दुसरे डॉ. अभिमन्यू सरवदे, पीक संरक्षणवाले, डाळिंबावरची कीड, रोग, कोणती फवारणी कधी. मी मागच्या ओळीत होतो, भिंतीला टेकून, कारण त्या दोघांना द्यायच्या चादरी माझ्या होत्या. म्हणजे डिझाईन माझं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ज्या कारखान्यात मी कामाला आहे तिथं विणलेल्या. मालकांनीच सांगितलं होतं, जा बाबू, बघून ये, आपला माल कसा दिसतो ते. तर निवेदक म्हणाला, आता आपल्या मातीतला सन्मान, आणि मंडळाच्या अध्यक्षांनी घडी मोडली, झटकली आणि मॅडमच्या खांद्यावर चादर टाकली. टाळ्या वाजल्या. माझे पण हात उठले होते, ते तिथंच थांबले. मॅडमच्या डाव्या खांद्यावरनं जे टोक खाली आलं होतं त्यात मासे पोहत होते. उजव्या खांद्यावरच्या टोकात सगळे मासे उलटे होते. पोट वर. पांढरं पोट वर, एका ओळीत, काठापासनं काठापर्यंत. फोटोवाला म्हणत होता, मॅडम, जरा इकडं बघा, हसा.

आता हे कसं झालं ते सांगायला पाहिजे, नाहीतर कुणाला वाटेल मी मुद्दाम केलं. मालक म्हणाले होते, वॉल पीस समज, भिंतीला लावायची वस्तू आहे. भिंतीला लावायची म्हणून मी वरच्या काठातले मासे सरळ ठेवले, खालच्या काठातले पण सरळ ठेवले. स्क्रीनवर सरळ, मागावरनं उतरली तेव्हा सरळ, टेबलावर पसरली तेव्हा सरळ. आमच्याकडं घडी घालायला कमलम्मा आहेत, तेलुगूत त्या माशाला चेपा म्हणतात, त्या बोट फिरवून म्हणाल्या, "चेपा मस्त पोहतायत रे तुझे. तळायला एक दे." पण भिंतीची वस्तू माणसाच्या खांद्यावर टाकली की तिची दोन्ही टोकं खाली लोंबतात, आणि मग एका टोकाचं वर ते खाली होतं. रोजच्या चादरीत चौकटी असतात, फुलं असतात, कोयऱ्या असतात, उलट्या झाल्या तरी कुणाला काय कळतंय. सरवदे सरांच्या चादरीत डाळिंबं होती. ती पण एका खांद्यावर उलटी झाली, पण डाळिंब झाडाला उलटंच लोंबतं, तुरा खाली करून. कुणाची नजर अडली नाही. मासा तेवढा उलटा झाला की मेलेला असतो.

आणि पहिल्या ओळीत बजाकाकू बसली होती.

बजाबाई म्हणजे माझ्या मित्राची, इंद्रजीतची आई. इंद्या आणि मी केमचे, करमाळा तालुक्यातलं केम, शाळेत एका बाकावर. मी बारावी करून इकडं आलो, मागाच्या आवाजात शिरलो, तो तिथंच राहिला, डाळिंबाची बाग आणि बागेला पाणी द्यायला प्लॅस्टिकचं अस्तर घातलेलं शेततळं. मग त्या तळ्यात त्यानं मासे सोडले. मॅडमच्या शिबिराला गेला होता, तिथनं डोक्यात घेऊन आला. बाग सरवदे सरांच्या सांगण्यानं, मासे मॅडमच्या सांगण्यानं. थंडीत मंडळाची माणसं येऊन तळ्याचा फोटो काढून गेली होती, आणि तोच फोटो आता स्टेजच्या मागच्या बॅनरवर एवढा मोठा. फोटोत काकू काठावर बसलेली, हातात घमेलं, पाण्यात सगळीकडं तोंडंच तोंडं. तो फोटो बघत काकू पहिल्या ओळीत बसली होती, आणि फोटोतला एकही मासा आता जिवंत नव्हता. हे त्या हॉलमध्ये आम्हा तिघांनाच माहीत होतं. ते कशानं मेले हे दोघांनाच. इंद्याला आणि मला.

मी माशांसाठी फोटो पण इंद्याचाच वापरला होता. जुन्या चॅटमध्ये पडला होता, त्यानं पाठवलेला, कटला मासा, दोन हातांत धरलेला, खाली लिहिलेलं, बघ भावा, पैलवान. तो फोटो मी स्क्रीनवर उघडला तेव्हा मासा मरून गेला होता, पण फोटोत त्याचं कल्ल्याखालचं लालसर अजून ओलं होतं. मी त्याला चौकोनात पाडला. एकेक चौकोन म्हणजे एकेक धागा. पाठ काळपट मरून रंगाची, पोट पांढरं, डोळा एकच चौकोन. डोळा नीट लागेना, एक चौकोन इकडं गेला की मासा रागावलेला दिसायचा, तिकडं गेला की झोपलेला. किती वेळ मी त्या एका चौकोनावर घालवला. डोळे मिटले तरी मासे दिसायचे, रिक्षात, आंघोळीला, चहात. मला वाटत होतं मी इंद्याचं काहीतरी परत करतोय. त्याला मात्र बोललो नाही की तुझाच मासा घेतलाय. काय बोलणार, मेलेल्याचा फोटो मागितल्यासारखं.

काकू मासे खात नाही. गळ्यात तुळशीची माळ आहे. इंद्यानं पहिल्यांदा बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशाची पिल्लं, पिशवीत घालून आणली तेव्हा ती म्हणाली होती, "आता ह्या वयात मला खाटकाची आई करतो व्हय रं?" आणि चार दिवस तळ्याकडं फिरकली नाही. मग एकदा इंद्या करमाळ्याला बाजार समितीत गेला होता, खाणं टाकायला कुणी नव्हतं, तर ही गेली. त्या दिवसापासनं खाणं टाकायचं काम तिचं झालं. मी गेलो की मला ओढून न्यायची. "चल माउल्या, माज्या पोरी दाखवते." घमेल्यावर बांगडीनं टक टक करायची आणि पाणी हलायला लागायचं, आधी लांबवर, मग जवळ, आणि मग ती सगळी तोंडं, गोल, उघडी, पाण्याच्या कातडीला आतनं चुंबत असल्यासारखी. "ती बग, ती म्होरची, लई भांडखोर हाय, दुसरीला खाऊ देत न्हाय." मला सगळे सारखेच दिसायचे. मासे काढायच्या दिवशी ती गावात बहिणीकडं जाऊन बसायची. इंद्या चिडवायचा, "पैसं मोजताना बरी आलीस परत." तर म्हणायची, "लेक सासरला जाताना कोण बगतं रं डोळं फाडून?"

उन्हाळ्यात तळ्याचं पाणी खाली गेलं होतं. डाळिंबावर फुलकिडे आले होते. इंद्यानं फवारणी केली, सरांनी सांगितलेलं औषध, सांगितलं तेवढंच, संध्याकाळच्या थंडाव्यात, सगळं बरोबर. औषध कालवायचं निळं बॅरल बांधावर पडलं. तो आंघोळीला घरी गेला. आणि काकूनं ते बॅरल बघितलं. काकूच्या घरात उष्टं भांडं रात्रभर राहत नाही. लक्ष्मी रागावते म्हणते, पण मला वाटतं लक्ष्मीचं नुसतं नाव, तिला स्वतःलाच झोप येत नाही. आधी पाट वाहत होता तेव्हा बॅरल पाटात धुवायची. आता सगळं पाणी नळीनं थेंब थेंब जातं, पाट कुठला. मग तिनं बॅरलच्या कडीला दोर बांधला, तळ्यात सोडलं, भरू दिलं, खळखळवलं, ओढून काढलं. परत सोडलं. स्वच्छ होईपर्यंत. बांधावर पालथं घालून ठेवलं, नीट.

सकाळी घमेलं घेऊन गेली, टक टक केलं.

मी त्याच्या पुढच्या रविवारी गेलो होतो. तेव्हा वास गेला नव्हता. बागेच्या कडेला माती उकरलेली दिसत होती, लांब, नांगरल्यासारखी. इंद्या म्हणाला तिनंच सगळे पाटीत भरून नेले, कुणाला हात लावू दिला नाही. काकू सोप्यात बसली होती, मला बघून उठली, चहा ठेवला, म्हणाली, "उन्हानं गेल्या बग पोरी. पाणी तापलं." मी हो म्हणालो. मग इंद्यानं मला बोअरपाशी नेलं आणि मोटर चालू केली, पाण्याची गरज नव्हती, आवाजासाठी. पालथं घातलेलं बॅरल दाखवलं. दोराचा पीळ अजून ओलसर होता का माझ्या मनानं तो ओला केला, आता सांगता येत नाही. "तिला बोलू नको," तो म्हणाला. "वासराचं तुला म्हाईत हाय की." मला माहीत होतं. आम्ही शाळेत होतो तेव्हा काकूनं बांधलेल्या दाव्यात वासरू अडकून मेलं होतं. तेव्हापासनं ती जनावराला दावं बांधत नाही. दूध काढते, वैरण टाकते, शेण काढते, आणि बांधायची वेळ आली की कुणालातरी हाक मारते. शेजारच्या माणसाला हाक मारते, रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारते. इंद्या म्हणाला, "हे कळलं तर ती बागंत पाय ठिवणार न्हाय. पाण्याला हात लावणार न्हाय. मग काय करंल ती दिसभर, सांग की." मोटर चालू होती. पाणी पाईपातनं बदाबदा तळ्यात पडत होतं, तळ्यात कुणी नव्हतं.

हे सगळं मला त्या हॉलमध्ये टाळ्या वाजत असताना आठवलं. एका टाळीएवढ्या वेळात. मी स्टेजकडं बघत होतो आणि मला मॅडमच्या उजव्या खांद्याखाली उकरलेली माती दिसत होती. मनात एकच, काकूनं बघू नये. तिनं बॅनरकडंच बघत राहावं. मग मंडळानं इंद्याला बोलायला बोलावलं, प्रगतशील शेतकरी म्हणून. तो इस्त्रीच्या शर्टात होता, गळ्याचं बटण लावलेलं, शाळेच्या फोटोत असायचा तसा. म्हणाला, दोन्ही डॉक्टरांचं मार्गदर्शन लाभलं. म्हणाला, बांधावर डाळिंब, तळ्यात मासा. मग थांबला. माईकमध्ये त्याचा श्वास ऐकू आला. "मासे चांगले हायत," तो म्हणाला. मागनं मला काकूचं नुसतं डोकं दिसत होतं, पदर घेतलेलं. ते डोकं एकदा वर झालं, इंद्याकडं. मग हळूच बाजूला वळलं, मॅडमकडं, आणि तिथंच राहिलं. सरवदे सरांचं भाषण झालं, मॅडमचं झालं, डोकं हललं नाही. मॅडमनी सांगितलं की मासा आजारी पडला तर ओरडत नाही, म्हणून बघणाऱ्याला जास्त बघावं लागतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालकाचा मेसेज आला, कशी दिसते? मी अंगठा पाठवला.

जेवणाच्या रांगेत इंद्या आईला हाताला धरून भाकरीकडं नेत होता आणि ती दुसरीकडं चालली होती. मी मधनं घुसलो. पोचलो तोवर ती मॅडमपुढं उभी होती. मॅडमच्या अंगावर अजून चादर होती, फोटोंसाठी काढू दिली नव्हती. काकू आधी पाया पडायला वाकली, मॅडमनी धरलं, आणि उठता उठता काकूचा हात चादरीच्या टोकावर गेला. उजव्या. बोटानं एक मासा चाचपला.

"बाई, हे मासं मेल्यालं हायत."

मॅडमनी खाली मान घालून बघितलं. पहिल्यांदाच बघत होत्या. मी बोललो, "काकू, ते माझ्याकडनं उलटं..." पण ती ऐकत नव्हती.

"आमचं बी असंच झालं. पोरगं लाजतंय, स्टेजवर खोटं बोललं, त्याला माफ करा. सगळी गेली आमची. उन्हाळ्यात. येकाच रातीत. कशानं गेली असतील वो?"

"आई, चल, नंतर," इंद्या म्हणाला.

"का? डाक्टर हायत न्हवं त्या?" काकू त्याच्यावर डाफरली. "मानसाच्या डाक्टरला इचारतो की आपण. ह्येंला इचारायचं न्हाय?"

मॅडम म्हणाल्या, "विचारा की, आजी. सकाळी पाण्यावर आले होते का तोंडं काढून? आदल्या दिवशी?" त्यांचा आवाज स्टेजवरच्यापेक्षा वेगळा होता, कामाचा आवाज. काकू भराभर सांगायला लागली, किती दिवसांनी कुणी विचारत होतं तिला. आदल्या दिवशी चांगली होती, खाल्लं होतं, भांडली होती, पाणी हिरवं नव्हतं, वास नव्हता. शेजारी सरवदे सर ताट घेऊन उभे होते, तेही सहज, माणूस आपल्या विषयाचं विचारतो तसं, म्हणाले, "त्या सुमाराला फवारणी वगैरे झाली होती का बागेत?"

"त्याच दिशी की! सांजच्याला झाली. सगळं आवरून, बॅरल बिरल धुवून मी..."

"उन्हानं गेले, सर," इंद्या म्हणाला. जोरात. आजूबाजूची दोन माणसं वळली. "पाणी कमी हुतं. तापलं."

सर ताटाकडं बघायला लागले. नंतर त्यांनी मॅडमकडं बघितलं, आणि मॅडमनी त्यांच्याकडं. दोघं मघापासनं एका सोफ्यावर बसले होते, एकमेकांचं कौतुक करून झालं होतं, पण मला वाटलं आत्ता पहिल्यांदा बघतायत. काकू मधे उभी होती, तिचा हात अजून माशावर. तिला वाक्य पुरं करायचं होतं. मी वाट बघत होतो की मॅडम विचारतील, बॅरल कुठं धुतलं? तीनच शब्द. मला ते शब्द त्यांच्या तोंडाशी आलेले दिसले, शपथ. आणि त्यांनी इंद्याच्या चेहऱ्याकडं बघितलं, मग काकूच्या हाताकडं.

"उन्हाळ्यात होतं असं, आजी," मॅडम म्हणाल्या. "पाणी कमी असलं की."

"व्हय ना? मी म्हनलंच हुतं." काकूचा चेहरा असा सैल झाला, मला बघवेना. "मग आता पाणी झालंय. नवं बी कवा सोडू?"

"मी पाठवते. चांगली बोटुकली, आमच्याकडची."

काकूनं मॅडमच्या तोंडावरनं हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. कडकड वाजली. "लई मोटी हो," म्हणाली, एवढ्या मोठ्या बाईला. मग माझ्याकडं वळून, "माउल्या, तू केलंस व्हय हे? ग्वाड केलंस. पर ही बाजू तेवढी सुदार बाबा. जित्या बाईच्या अंगावर असं नगं."

सत्कार कशाचा होता ते मी तेव्हापासनं धरून बसलोय. मॅडमना जे कळतं त्याचा होता. आणि ज्या एका जागेला ते कळलेलं कामाला येणार होतं तिथं त्यांनी ते गिळलं. मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. मीही तिथंच होतो आणि मीही गिळलं. मला आवडल्या त्या, तेवढ्यापुरत्या, आणि भीती पण वाटली त्यांची. माणसाला दया आली की पाणी कुठं जातं ते कुणी बघत नाही. सरवदे सर हात धुवायला बेसिनपाशी गेले ते बराच वेळ नळाखाली हात धरून उभे होते. मी शेजारी होतो म्हणून असेल, म्हणाले, "शिबिरात सांगतो मी. दर वेळी सांगतो, धुतलेलं पाणी तळ्यापासून लांब टाका. हा मुलगा होता की शिबिराला." मी म्हणालो, "होता, सर. पण बॅरल काकू धुते." त्यांनी नळ बंद केला. परत थोडा उघडला. "बायका येत नाहीत हो शिबिराला," म्हणाले.

निघताना मॅडमनी इंद्याला जिन्यात गाठलं, मी मागं होतो. चादर त्यांनी घडी करून हातावर घेतली होती. "बोटुकली मी खरंच पाठवणार आहे," त्या म्हणाल्या. "पण त्याआधी आईंना सांगा. तुम्ही सांगितलंत असा फोन आला की गाडी निघेल. नाही आला तर नाही. परत तेच होणार, आणि या वेळी ते माझ्यामुळं होईल." इंद्यानं मान हलवली, हो पण नाही आणि नाही पण नाही. मग माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "हे तुम्ही मुद्दाम केलं होतं?"

"नाही मॅडम. भिंतीसाठी केलं होतं. बदलून देतो, दुसरी विणून देतो."

"नको," म्हणाल्या. "भिंतीला नाही लावणार. माझ्या खुर्चीच्या पाठीवर टाकते." आणि जिना उतरून गेल्या.

कारखान्यात मी ते डिझाईन त्याच दिवशी उघडलं. एक टोक उलटं केलं, एका बटणाचं काम. आता खांद्यावर टाकली तर दोन्हीकडं मासे सरळ राहतील, आणि भिंतीला लावली तर वरची ओळ मेलेली दिसेल. कुठंतरी दिसणारच. मालक मागनं येऊन म्हणाले, "काय झालं बाबू, ऑर्डर तर गेली की." मी म्हणालो, सहज. फाईल ठेवायची का पुसायची, अजून ठरवलेलं नाही. माग चालू होते, पायाखालची फरशी हलत होती, आणि मला त्या आवाजात बोअरची मोटर ऐकू येत होती.

पण मला सांगायचं होतं ते स्टेशनवरचं. कारखान्यात जायच्या आधी मी त्यांना केमच्या गाडीला सोडायला गेलो होतो. काकू बाकड्यावर बसली होती, जेवणात मिळालेली शेंगाची पोळी रुमालातनं काढून तुकडे करत होती, एक मला, एक इंद्याला, एक समोरच्या अनोळखी बाईच्या पोराला. त्या बाईला सांगत होती की आमच्या तळ्यात आता नव्या पोरी येणार, डाक्टरीनबाई सोता पाठवणार. दोन्ही हात पसरून दाखवत होती, एवढाल्या हुत्यात. आम्ही दोघं पाण्याच्या नळापाशी उभे होतो, तिथनं ती दिसत होती, ऐकू येत नव्हती नीट.

"आता काय करायचं रं?" इंद्या म्हणाला.

"सांगायचं."

"तू सोप्पं बोलतोस. मेलेलं मासं काढून बसलास चादरीवर, तुजं काय जातंय."

तो नळाची तोटी उगीच फिरवत होता, पाणी येत नव्हतं. मग खाली बघूनच म्हणाला, "वासराचं मी तुला सांगितलं ना. ते खरं हाय. पर तेवढंच न्हाय, माउली. सरांनी शिबिरात सांगितल्यालं मला आठवत हुतं. धुतल्यालं पाणी तळ्यात जाऊ द्यायचं न्हाय. चांगलं आठवत हुतं. घरी यिऊन तिला औषधाचं नाव सांगितलं, माप सांगितलं, हातमोजं दाखवलं. ह्ये न्हाय सांगितलं. वाटलं, धुयाचं काय त्यात सांगायचं. मी कवा धुतलंय बॅरल?" त्याचा चेहरा शाळेत छडी बसायच्या आधी व्हायचा तसा झाला होता. "तिला सांगायचं म्हंजे ह्ये बी सांगावं लागंल. ती म्हनंल, तुला म्हाईत हुतं व्हय रं इंद्या?"

काकूनं लांबनं हात केला, गाडी लागतीय, या. पोराच्या तोंडाला लागलेली पोळी ती पदरानं पुसत होती. मला परत तोच हात दिसला, माशावर ठेवलेला, आणि सैल झालेला चेहरा. तो चेहरा आपण मोडायचा. कुणीतरी मोडायलाच पाहिजे, पिल्लं सोडायच्या आधी. मला तेव्हा सुचलं का आधीच आत कुठं तयार होतं, माहीत नाही, पण मी इंद्याचा दंड धरला आणि बोललो, आणि तेच मी इथं लिहून घोकतोय.

"रविवारी मी येतो. तळ्यावर नको, सोप्यात बसू, तिला चहा ठेवायला लावू. आधी मी चादरीचं सांगतो, माझ्याकडनं मासे कसे उलटे झाले, जीव लावून काढले तरी कसे उलटे झाले. मग तू तुझं सांगायचं. आणि बॅरलचं सगळ्यात शेवटी. तुझी जीभ अडली तर तेही मी सांगतो, पण तू उठून मोटर चालू करायला जायचं नाही. आणि ती उठून गेली तर आपण दोघंही मागं जायचं. पहिल्या गाडीनं येतो, इंद्या. शब्द देतो."